कोकणची निवांत सहल

आम्ही नागपुरात महालात राहतो. गांधी गेटातून आत आले की थोड्याच अंतरावर आमची गल्ली लागते. नागपूर म्हणजे देशाचा मधला भाग. झिरो माईलचा खांब आपल्याकडेच आहे. इथून पूर्वेचा समुद्र दूर आणि पश्चिमेचाही दूर. म्हणून आपल्यातल्या पुष्कळांनी तलाव पाहिला, वैनगंगेचा पूर पाहिला, पण समुद्र काही पाहिला नाही.

याच महालातल्या भोसल्यांचे सैन्य एके काळी थेट कटकपर्यंत गेले होते. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशाचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या शिपायांनी समुद्र पाहिला असेल. पण ते गेले लढाईला. आपण जायचे ते विसाव्याला.

विसाव्याला जायचे म्हटले तरी आधी विचार करावा लागतो. आम्ही एकदा चुकलो आणि एकदा शहाणपणाने वागलो. दोन्ही गोष्टी तुम्हांला सांगतो.

आमची चूक

१९९९ सालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी होती. आम्ही पहिल्यांदा कोकणात गेलो. आम्ही पडलो शाळामास्तर. वेळापत्रक आखायची आम्हांला भारी हौस. आम्ही कागदावर पाच दिवसांत नऊ गावे मांडली. सकाळी सहाला निघायचे, रात्री नवाला पोचायचे. एवढ्या लांब आलो, तर सगळेच पाहून घेऊ, असा आमचा हिशेब.

झाले काय? जीपमध्ये बसून बसून पाय सुजले. घाटात पोराला ओकाऱ्या झाल्या. समुद्रावर पोचलो की पोरगा चप्पल काढी, आणि पाण्यात पाय घालतो न घालतो तोच आम्ही ओरडू, "चला, चला, उशीर होतो!" पैसे वाचावेत म्हणून आम्ही स्टोव्ह आणि पीठ बरोबर नेले होते. म्हणजे आम्ही हिंडायचो, आणि घरची बाई दिवसभर हिंडून वर रात्री पोळ्या लाटायची.

परतीच्या गाडीत आम्ही मोठ्या आनंदाने विचारले, "काय, कशी झाली सहल?" तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, घरी निदान दुपारी पाठ तरी टेकते."

आम्ही गप्प बसलो. उत्तर नव्हतेच.

सहल म्हणजे गावे मोजणे नव्हे. शेतात राबणाऱ्या, चुलीपुढे राबणाऱ्या माणसाला चार दिवस विसावा मिळावा, घरची माणसे एका ठिकाणी बसून बोलावी, म्हणून सहल. ज्या सहलीत घरातल्या एकालाही विसावा मिळत नाही, ती त्याच्यापुरती सहल नव्हे, बिगारी.

पुन्हा कशासाठी निघालो?

आमची थोरली बहीण उमरेडकडच्या एका खेड्यात राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय एकाहत्तर. सारा जन्म कापूस वेचण्यात आणि निंदणात गेला. दोन वर्षांपूर्वी ती गावच्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरे शिकली. एकदा वाचनाच्या पुस्तकात धडा आला, "समुद्र." तो वाचून तिने आम्हांला विचारले, "भाऊ, समुद्राचा तो काठ दिसते का रे?" आम्ही म्हणालो, "नाही दिसत." ती म्हणाली, "मंग एकदा पाह्यलाच पाहिजे."

बस, ठरले. आक्काला समुद्र दाखवायचा. पण या वेळी घाई करायची नाही. आम्ही, सौभाग्यवती, आक्का, मुलगा, सून आणि दोन नातवंडे, अशी सात माणसे निघालो.

केव्हा जावे?

कोकणात जाण्याचे सर्वांत सुखाचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा ऊन सोसते, हवा बरी असते, होड्या चालू असतात. मार्चच्या मध्यापासून आंबा सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत पोरांना सुट्टी असते आणि आंबाही भरपूर असतो. पण तेव्हा घाम फार येतो. आपल्याकडचे ऊन कोरडे, तिकडची हवा ओली. घाम वाळत नाही.

जून ते सप्टेंबर हा पावसाळा. कोकणात नागपूरच्या सुमारे तिप्पट पाऊस पडतो. डोंगर हिरवेगार दिसतात, पण समुद्र खवळलेला असतो. किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. त्या दिवसांत रेल्वेही हळू चालवतात. तिचे वेळापत्रक वेगळे असते. समुद्र पाहायला पहिल्यांदा जाणाऱ्याने पावसाळ्यात जाऊ नये.

नाताळचा आठवडा आणि सलग सुट्ट्याही टाळाव्या. खोली महाग, गर्दी फार.

आता शेतकऱ्याची सवड. सोयाबीन निघते दिवाळीच्या सुमारास. कापसाची वेचणी पुढे चालते. हरभरा, गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. ज्याचे जसे पीक, तशी त्याची सवड. घरी एक भाऊ राखणीला ठेवावा. पुढच्या वर्षी त्याने जावे. बैलाला वैरण टाकायला कोणी नाही, हा घोर डोक्यात असेल तर समुद्रही गोड लागत नाही.

आम्ही २०२५ सालचा जानेवारी धरला. नातवंडांची आठवडाभर शाळा बुडणार होती. आम्ही स्वतः मुख्याध्यापक होतो, म्हणून मनाला खात होते. पण लपवाछपवी केली नाही. रीतसर अर्ज दिला.

पैशाची तयारी

एक गोष्ट प्रथम सांगतो. कर्ज काढून सहल करू नका. आठ दिवसांची मौज आणि दोन वर्षांचे व्याज, हा सौदा खोटा.

आम्ही पंधरा महिने आधी डबा केला. महिन्याला तीन हजार रुपये बाजूला टाकले. पंधरा त्रिक पंचेचाळीस. पंचेचाळीस हजार जमले. तुम्हांला इतके जमत नसेल तर कमी टाका. दिवस कमी करा, किंवा दोन वर्षे थांबा. बचत गटात असलेल्या बायांना हे शिकवायला नको.

मग वही घ्या. पाच रकाने आखा :

१. जाणे-येणे
२. राहणे
३. जेवणखाण
४. तिकडचे फिरणे, होडी, प्रसाद
५. अडीअडचण

पहिल्या चार रकान्यांची बेरीज करा. त्या बेरजेचा पाचवा हिस्सा अडीअडचणीसाठी वेगळा ठेवा. चाळीस हजार खर्च धरला तर आठ हजार. ते पैसे खर्च झाले नाहीत तर उत्तमच. पण पोराला ताप आला, गाडी चुकली, तर दुसऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. सगळे पैसे एकाच खिशात ठेवू नका. थोडे मुलाकडे, थोडे सुनेकडे द्या.

जायचे कसे?

नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. मुंबई किंवा ठाण्याहून कोकण रेल्वे मिळते. ही रेल्वे १९९८ सालच्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत पूर्ण चालू झाली. लांबी सुमारे ७४० किलोमीटर. डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल टाकून ती केली आहे. रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी आत शिरली की आमची नातवंडे आकडे मोजू लागत.

दुसरा रस्ता कोल्हापूरचा. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून कोल्हापूरला जाते. एक दिवस आणि एक रात्र गाडीत जाते. कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन होते. तिथून एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. आम्ही जाताना हा रस्ता धरला आणि येताना कोकण रेल्वे. अलीकडच्या वर्षांत नागपूर ते मडगाव अशी विशेष गाडीही सोडली गेली आहे. ती तुमच्या दिवसांत आहे की नाही, हे स्टेशनवर विचारून घ्यावे.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी १२० दिवस होते. नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला. म्हणून जायचा दिवस ठरला की कॅलेंडरवर साठ दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी खिडकीवर उभे राहा. म्हातारे माणूस बरोबर असेल तर खालचा बर्थ मागा.

एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आहे. त्यासाठी कोणते ओळखपत्र लागते, ते आधी विचारून घ्यावे.

घाटात ज्याला मळमळते त्याने पुढच्या बाजूला बसावे. पोट तडस भरू नये, अगदी रिकामेही ठेवू नये. आम्ही बरोबर संत्री नेली होती. कोणाला ओकारी झाली नाही.

दोनच मुक्काम

आता मुख्य गोष्ट. नऊ गावे आम्ही टाकून दिली. दोनच धरली. पहिले गणपतीपुळे, दुसरे मालवण. दोन्हीकडे तीन-तीन रात्री.

असे का? साधा हिशेब पाहा. एक मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधणे, गाडी गाठणे, नवी खोली शोधणे, सामान सोडणे. त्यात एक सबंध दिवस जातो. सहा मुक्काम केले तर सहा दिवस बांधाबांध. दोन मुक्काम केले तर चार दिवस हाती उरतात.

दुसरा नियम आम्ही केला तो असा : दिवसात एकच ठिकाण पाहायचे, तेही सकाळी. दुपारी जेवून सर्वांनी निजायचे. संध्याकाळी समुद्रावर नुसते बसायचे.

तिसरा नियम सौभाग्यवतींनी केला. स्टोव्ह न्यायचा नाही. कोकणात बऱ्याच गावांत "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या दिसतात. घरचा माणूस जेवायला वाढतो. भाडे हॉटेलापेक्षा पुष्कळदा कमी पडते. सरकारी पर्यटन महामंडळाची निवासस्थानेही गणपतीपुळ्याला आणि मालवणजवळ तारकर्लीला आहेत. खोली आधी बोलून ठेवावी. भाडे किती, जेवणाचे किती, आंघोळीला गरम पाणी मिळते का, म्हाताऱ्या माणसाला जिने चढावे लागतील का, हे आधी विचारावे. ठरलेला आकडा वहीत लिहावा. विचारायला लाजू नये.

जेवणाचे थोडे सांगतो. तिकडे भात मुख्य. ज्वारीची भाकर सहसा मिळत नाही, तांदळाची मिळते. ओल्या नारळाचे वाटण सगळ्यात. आमसुलाची आणि नारळाच्या दुधाची सोलकढी जेवताना देतात. ती पोटाला थंड. मासे खाणाऱ्याला बांगडा, सुरमई मिळते. न खाणाऱ्याला उकडीचे मोदक, घावने, आंबोळ्या. आमचा मुलगा सावजी रश्श्यावर वाढलेला. पहिल्या दिवशी म्हणाला, "बाबा, झणझणीत काही नाही." तिसऱ्या दिवशी सोलकढीची चौथी वाटी मागत होता.

एक लक्षात ठेवा. कोकणात पाऊस खूप पडतो, पण उतारावरून समुद्राला वाहून जातो. एप्रिल-मेमध्ये कितीतरी गावांत पाण्याची ओढ असते. दुसऱ्याच्या घरी बादलीभर पाण्यात आंघोळ करावी. नळ सोडून ठेवू नये.

काय काय पाहिले?

गणपतीपुळ्याचे देऊळ समुद्राला अगदी लागून आहे. देवाचे तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. देवळामागची टेकडीच देवाचे रूप मानतात. म्हणून प्रदक्षिणा टेकडीभोवती घालतात. ती सुमारे एक किलोमीटर होते. आक्काने सावकाश बसत बसत पुरी केली. कोणी घाई केली नाही.

जवळच मालगुंड गाव आहे. कवी केशवसुत तिथे १८६६ साली जन्मले. त्यांचे स्मारक पाहिले.

एक सकाळ रत्नागिरीला दिली. लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. ते घर पाहायला मिळते. तिथेच थिबा राजाचा राजवाडा आहे. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले आणि त्याला इतक्या दूर आणून ठेवले. १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. आक्का म्हणाली, "बिचारा. राजा झाला तरी घर ते घरच."

मग रत्नागिरीहून रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो बांधायला घेतला. तीन वर्षे काम चालले. तट सुमारे तीन किलोमीटर फिरतो. आत शिवाजी महाराजांचे देऊळ आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. चहूकडे खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! त्यांची नावे दूधबाव, दहीबाव, साखरबाव.

पाणी गोड कसे? पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत आणि मातीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. ते खाऱ्या पाण्यावर राहते. विहिरीत तेच गोडे पाणी लागते. फार उपसले तर खारे पाणी वर येऊ शकते. म्हणून समुद्राकाठच्या गावांत विहीर जपून वापरावी लागते.

किल्ल्याला होडीने जाताना प्रत्येकाने तरंगते जाकीट घालावे. नावाड्याने दिले नाही तर मागावे. होडी भरगच्च असेल तर दुसरीची वाट पाहावी. दहा मिनिटांसाठी जीव धोक्यात घालू नये.

आक्काने वाचलेली पाटी

आता जी गोष्ट सांगतो ती नीट वाचा.

आक्काने समुद्र पाहिला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ओंजळ भरून पाणी तोंडाला लावले आणि म्हणाली, "खरंच खारट आहे बापा!" नातवंडे हसली. ती पण हसली.

एका दुपारी आम्ही जवळच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. गाव सांगत नाही. असे किनारे पुष्कळ आहेत. चार वाजले होते. पाणी खूप मागे गेले होते. काळे खडक उघडे पडले होते. मुलगा आणि दोन्ही नातवंडे खेकडे पाहायला खडकांवर दूरपर्यंत गेली. आम्ही वाळूत बसलो.

आक्का मागे रेंगाळली. वाटेवर एक पाटी होती. आम्ही सगळे तिच्यावरून नजर टाकून पुढे आलो होतो. आक्का तिच्यापुढे उभी राहून एकेक अक्षर लावत होती. मग लगबगीने आली.

"भाऊ, ती पाटी काय म्हणते, पाह्य बरं. खडकावर जाऊ नये. भरतीचं पाणी चढते."

आम्ही म्हणालो, "अग, पाणी तर किती दूर आहे. येतील आत्ता."

आक्का ऐकेना. "काहून लिहिलं असन मंग? उगाच कोणी पाटी लावते का? बोलाव पोरांना."

तिच्या समाधानासाठी आम्ही हाका मारल्या. पोरे कुरकुर करत आली. तासाभरात पाहतो तर खडकांच्या आणि वाळूच्या मधल्या सखल जागेत कमरेइतके पाणी भरले. खडक तिकडे एकटे पडले, आणि थोड्या वेळाने तेही दिसेनासे झाले. पोरे तिकडे असती तर परत येणार कोठून?

आमचे हातपाय गार पडले. छत्तीस वर्षे आम्ही पोरांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावली. आणि समुद्राची पाटी वाचली ती आक्काने.

वाचकहो, तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. तुम्ही प्रत्येक पाटी वाचता. ती सवय मोडू नका.

भरती आणि ओहोटी

पाणी मागे का जाते आणि पुढे का येते? चंद्र पृथ्वीवरचे पाणी आपल्याकडे ओढतो. सूर्यही ओढतो, पण कमी. पृथ्वी फिरते, म्हणून किनाऱ्यावर पाणी चढते आणि उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. दिवसरात्रीत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एकत्र होते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात.

आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी युक्ती आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पहाटेची अन् दुपारची, किंवा सकाळची अन् रात्रीची, अशा दोन्ही भरत्या याच सुमारास येतात.

आमच्या त्या दिवशी एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा. अडीच वाजता ओहोटी. चार वाजता आम्ही पोचलो तेव्हा पाणी परत चढायला लागून दीड तास झाला होता. हा हिशेब आम्ही त्या रात्री केला. तो सकाळी करायला हवा होता.

ही वेळ अंदाजाची असते. तासभर मागेपुढे होते. म्हणून हिशेब करा, आणि शिवाय गावच्या मच्छीमार दादाला विचारा. "दादा, पाणी चढते आहे की उतरते आहे? इथे उतरू का?" तो जे सांगेल ते ऐका. त्याचे आयुष्य त्या पाण्यावर गेले आहे.

समुद्राची ओढ

समुद्र म्हणजे तलाव नव्हे. लाटा पाणी किनाऱ्याकडे आणतात. ते पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी दिसतात. नवख्या माणसाला वाटते, इथे पाणी शांत आहे, इथेच उतरू. आणि तीच जागा माणसाला आत ओढून नेते. गणपतीपुळ्यालाही पाणी असे धोक्याचे आहे.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची दहाहून अधिक मुले-मुली बुडाली. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावची आठ मंडळी गेली. ही शिकलेली, धडधाकट पोरे होती. समुद्र शिक्षण विचारत नाही.

म्हणून हे नियम पाळा :

गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात जाऊ नका. पोराचा हात सोडू नका. भरती संपून पाणी उतरत असताना आत जाऊ नका. अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. दारू पिऊन तर मुळीच नाही. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका.

कोणी ओढीत सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे उलटे पोहू नये. त्यात दम संपतो. अंग तरंगत ठेवावे, हात वर करून हाक मारावी, आणि जमले तर किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो. काठावरच्यांनी भरभर पाण्यात उड्या घेऊ नयेत. एकाला वाचवताना चौघे जातात. दोर, रिकामा डबा, तरंगणारे काही असेल ते फेकावे, मच्छीमारांना हाका माराव्या, आणि ११२ नंबरला फोन करावा.

घरी आल्यावर

कुडाळहून आम्ही रेल्वेने ठाण्याला आलो. तिथे गाडी बदलून नागपूर. घरी पोचलो तेव्हा सात माणसांत एकही आजारी नव्हते. अडीअडचणीच्या पैशांतले पाच हजार उरले होते. ते आम्ही पुढच्या डब्यात टाकले. पहिल्या सहलीत नऊ गावे पाहिली होती. त्यांतली चार आज आठवतही नाहीत. या वेळची दोन गावे नातवंडांना पाठ आहेत.

सौभाग्यवतींना आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आठ दिवस ताट वाढून आलं हो समोर." एवढेच म्हणाल्या. आम्हांला पोचले.

आक्काने बरोबर एक वही नेली होती. रोज संध्याकाळी ती चार ओळी लिही. कोणत्या गावी गेलो, काय खाल्ले, किती पैसे लागले. शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे, "समुद्राचा तो काठ दिसत नाही. मी पाहून आली." गावच्या वर्गात ती वही आता सगळ्या बाया वाचतात. त्यांतल्या चौघींनी डबा सुरू केला आहे.

तुम्हीही वही घ्या. पहिल्या पानावर पाच रकाने आखा. दुसऱ्या पानावर बरोबर येणाऱ्या माणसांची नावे लिहा, आणि प्रत्येकाला विसावा कसा मिळेल ते त्याच्या नावापुढे लिहा. घरच्या बाईचे नाव सर्वांत वर लिहा.